तळपदे सर आणि न थांबणारा तेरडा

तळपदे सरांना मी ओळखत होतो, असं म्हणायला मला संकोच वाटतो. काही वर्षं ते आमच्या वरच्या मजल्यावर राहिले, आठवड्यातून दोन-तीनदा तरी आमच्या बाहेरच्या खोलीत येऊन बसले, आणि तरी त्यांच्या पत्नीचं नाव दुर्गा होतं हे मला सर गेल्यावर त्यांच्या मुलीकडून कळलं. त्यांना जेवायला काय आवडायचं, गिरगावातलं घर सोडताना त्यांना काय वाटलं, रात्री झोप यायची का, यातलं काही मी सांगू शकत नाही. ठामपणे सांगता येईल ते एवढंच, की माणूस फार कटकट्या होता.

विसर्जनानंतर निघणाऱ्या इमारतीच्या गणेशोत्सवाच्या स्मरणिकेसाठी कोणीतरी सरांवर लिहावं असं ठरलं आणि सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "ते तुमच्याकडेच बसायचे ना काका, तुम्हीच लिहा." बसायचे हे खरं आहे. मी जन्मभर छापखान्यात काम केलं, दुसऱ्यांनी लिहिलेलं छापलं. स्वतः लिहायची सवय नाही. जमेल तसं लिहितो.

सरांचं पूर्ण नाव मनमोहन तळपदे. गिरगावातलं जुनं पाठारे प्रभू घराणं. आजोबा-पणजोबांच्या नावावर एकेकाळी जागा-बिगा होत्या म्हणे. सरांच्या वाट्याला दोन खोल्या आणि मागच्या अंगणातला मातीचा एक पट्टा आला होता. ती इमारत पुनर्विकासात पाडली तेव्हा बिल्डरने भाडं दिलं आणि सर आमच्या भोईवाड्यात तिसऱ्या मजल्यावर राहायला आले. कपड्यांची एक बॅग, पुस्तकांची खोकी, आणि एका डब्यात अंगणातल्या तेरड्याचं बी. मुलगी उर्वी बंगळूरला. सर कनिष्ठ महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. खिशात एक छोटं भिंग आणि कागदात गुंडाळलेलं अर्धं ब्लेड कायम असायचं.

त्या ब्लेडनेच आमची ओळख झाली. संकष्टी होती. मी फुलांची पुडी घेऊन जिना चढत होतो. हे समोरून उतरत होते. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "बघू," म्हणाले आणि पुडी सोडलीच.

"अहो, देवाचं आहे ते."

"एक घेतो. देव काही मोजत नाही." जास्वंद डबल होती, भरगच्च. सरांनी तिथेच, जिन्याच्या कठड्यावर ठेवून, ती उभी चिरली. "हे बघा. हे आतलं पाकळ्यांसारखं दिसतंय ना? या मूळच्या पाकळ्या नव्हेत. साध्या जास्वंदीत मधोमध दांडा असतो, त्यावर पिवळे ठिपके असतात, परागाचे. ते केसर. इथे ते केसर पाकळ्या होऊन बसलेत."

"मग आता काय करायचं?" मी विचारलं. मला खरंच कळेना, माझ्याकडून काय अपेक्षा आहे.

"काय करायचं म्हणजे? समजून घ्यायचं!"

घरी आल्यावर बायकोने, शेवंतीने, चिरलेली जास्वंद बघितली आणि म्हणाली, "पुढच्या वेळी जिन्यात त्यांना दिसू नका."

पण सर दिसायचेच. फुलं ही गोष्ट आपल्याकडे किती ठिकाणी असते हे तोवर माझ्या लक्षात आलं नव्हतं. लग्नाच्या हारातला निशिगंध हातात घेऊन ते नवरदेवाच्या काकांना विचारायचे, "याची हिरवी वाटी कुठे आहे? सांगा. नाहीये! बाहेरची पानंसुद्धा पाकळ्या झालीत." शेवंतीने केसात सोनचाफा माळला की म्हणायचे, "वहिनी, तुमच्या डोक्यात फार जुनं खटलं आहे. याच्यात गोल गोल रांगा नाहीत, सगळं जिन्यासारखं वर वर चढत गेलंय. शिस्त नंतर आली." खालच्या भाजीवाल्या बुधाजीला तर त्यांनी इतकं पिडलं होतं की तो सरांना लांबून बघूनच फ्लॉवरवर गोणपाट टाकायचा. "बुधाजी, हा फ्लॉवर म्हणजे फूल नव्हे. फूल व्हायला निघालेले हजारो कोंब, वाटेतच अडकलेले." बुधाजी म्हणायचा, "सर, घ्यायचा तर घ्या. त्याची पत्रिका नका मांडू, गिऱ्हाईक जातंय."

मला उठून जाता येत नाही. समोरचा बोलत असला की मी बसून राहतो, हा माझा स्वभाव आहे. त्यामुळे सरांचं बोलणं शेवटपर्यंत ऐकणारा इमारतीत मी एकटाच होतो. हे पुढे महत्त्वाचं ठरलं म्हणून सांगतो.

त्यांच्या बोलण्याचा सारांश असा. फूल म्हणजे आखडलेली फांदी आणि फुलातला प्रत्येक भाग म्हणजे मूळचं पान. बाहेरून आत चार रांगा. हिरवी वाटी, पाकळ्या, केसर, आणि मधोमध बियांची पिशवी. कुठल्या पानाने काय व्हायचं हे तीन हुकुमांवर ठरतं. सर त्यांना अ, ब, क म्हणायचे. नुसता अ असला की वाटी. अ आणि ब मिळून पाकळी. ब आणि क मिळून केसर. नुसता क म्हणजे बियांची पिशवी.

मी म्हणालो, "म्हणजे आमच्या छपाईसारखंच. नुसती पिवळी शाई लागली तर पिवळं, वर निळी चढली तर हिरवं, पुढे नुसती निळी. शाया मोजक्या, रंग जास्त."

मला वाटलं खूश होतील. सर खुर्चीत ताठ झाले. "अजिबात नाही. शाई शाईला घाबरत नाही, रमाकांतराव. अ आणि क यांचं एकमेकांशी पटत नाही. जिथे क आहे तिथे अ पाऊल ठेवत नाही. क गेला की अ सरळ आत घुसतो. तुमच्या छापखान्यात निळी शाई संपली म्हणून पिवळी आपणहून कागदभर पसरते का?"

"नाही," मी म्हणालो.

"मग?"

तरी पुढच्या आठवड्यात खालच्या वॉचमनला समजावताना त्यांनी शायांचाच दाखला दिला. मी माझ्या कानांनी ऐकला.

गच्चीवर सरांनी मासळीच्या थर्माकोलच्या खोक्यांत गिरगावचा तेरडा लावला होता. दादरच्या मासळीबाजारातून ते खोके स्वतः उचलून आणायचे. जिन्यात तो वास चार दिवस राहायचा आणि त्यावरून दरवर्षी सोसायटीच्या सभेत वाद व्हायचा. तर गेल्या वर्षी श्रावणात एका संध्याकाळी ते आमच्या दारात उभे. चप्पल एकाच पायात.

"वर चला."

"सर, पाऊस आहे."

"छत्री घ्या, पण चला."

खोक्यात बाकीचा तेरडा नेहमीसारखा गुलाबी फुललेला होता. एका रोपावरची फुलं मात्र विचित्र होती. पाकळ्या, त्यांच्या आत पाकळ्या, आणि मधोमध जिथे बोंड धरायचं तिथे पुन्हा एक हिरवी कळी. सरांनी ब्लेडने ती कळी उघडली. तिच्यात पाकळ्या, पाकळ्या, आणि मधे आणखी एक कळी, मोहरीएवढी.

"क गेलाय," सर म्हणाले. "केसर नाहीत, बोंड नाही. आणि क चं आणखी एक काम असतं. आता पुरे, थांब, हे सांगणं. ते सांगणारा कोणी उरला नाही, म्हणून फूल थांबतच नाही."

मला एकदम सरांचंच बोलणं आठवलं.

मग म्हणाले, "तेहतीस वर्षं मुलांकडून चार रांगा पाठ करून घेतल्या. का चार, कोण ठरवतं, हे शेवटी शेवटी पुस्तकात आलं, तेही चौकटीत, परीक्षेला नसलेलं. दाखवायला माझ्याकडे कधी काही नव्हतं. आणि आता आमच्या मागच्या अंगणातल्या बियांतून हे आलंय." भिंग पुसून त्यांनी खिशात ठेवलं आणि पुन्हा काढलं.

सरांचा एक जुना विद्यार्थी, विहंग, पुण्याला एका प्रयोगशाळेत असतो. सरांनी त्याला फोटो पाठवले. तो म्हणाला, सर, असं फूल दुसऱ्या झाडांत माहीत आहे, पण तुमचा तेरडा मला बघायचाय. फोटोवरून काही सिद्ध होत नाही. या वाणाचं बी पाठवा.

आणि अडचण तिथेच होती. त्या रोपाला बी धरणारच नव्हतं, बोंडच नाही तर बी कुठून? सरांनी फांद्या तोडून पाण्यात लावून बघितल्या, त्या कुजल्या. तेरडा पावसाळ्याबरोबर येतो आणि त्याच्याबरोबर जातो.

"पण घाबरू नका," सर मला म्हणाले. मी घाबरलो नव्हतो. "हे आजूबाजूचे साधे दिसतायत ना, ते याचे सख्खे भाऊबहीण. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या अंगात हा दोष लपलेला आहे. दिसत नाही, पण बियांतून पुढे जातो. त्यांचं बी पेरलं की पुढच्या वर्षी काही रोपं अशीच निघतील. साधी आहेत तीच खरी, रमाकांतराव. हे वेडं काय, आज आहे उद्या नाही."

एवढं कळत असूनही सरांनी काय केलं? त्या वेड्या रोपाला लाल दोरा बांधला आणि पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून लावलं, 'या झाडास कोणीही हात लावू नये.' या झाडास. का, तर ते बघायला येणारी मुलं कळ्या उकलून बघत होती. इमारतीत ज्याला त्याला सरांनी सगळं समजावलं, पण साध्या रोपांचा मुद्दा शेवटी यायचा आणि तोवर ऐकणारा निघून गेलेला असायचा. मी ते घरी सांगितलं होतं, जेवताना. शेवंती "बरं" म्हणाली आणि आमटी वाढली.

आमची गौर दरवर्षी थोरल्या भावाकडे नायगावला बसते. भाऊ गेला, वहिनी आहेत, मीराबाई. त्यांची बीडीडी चाळ पाडली आहे आणि नव्या घराची चावी मिळायची होती, म्हणून गेल्या वर्षी गौर आमच्याकडे आली. गौर आली म्हणजे वहिनी आल्या आणि वहिनी आल्या म्हणजे घर त्यांचं.

आम्हा कोकणातल्या लोकांची गौर तेरड्याची असते. मुळासकट उपटलेली तेरड्याची रोपं एकत्र बांधायची, त्यांना मुखवटा लावायचा, साडी नेसवायची. मला सकाळी दादरला पिटाळलं. मी फूलबाजारातून तेरड्याची जुडी आणली. वहिनींनी ती उलटी धरली.

"ह्यो तेरडो? ह्येची मुळां खंय गेली?"

"कापलेलाच मिळतो आता, वहिनी."

"पाय तोडून माहेरवाशीण घराक आणतत काय कोण, भावजी? जावा, दुसरो बघा."

मी पुन्हा दादरला गेलो. तास-दीड तास फिरलो, मुळांचा तेरडा मिळाला नाही. परत येतो तर दारात गौरीची पावलं उमटलेली, धूप लागलेला आणि गौर बसलेली. हिरव्या साडीत, मुखवटा हसरा, वरून गुलाबी फुलांचा झुबका.

"तेरडा कुठून आणलात?"

"वरसून," वहिनी म्हणाल्या. "गच्चीत ढीगभर आसा. त्या सरांच्या झाडाक मी हातसुद्धा लावूक नाय. बोर्ड वाचलंय मी. चौथी शिकलंय."

शेवंती स्वयंपाकघरातून बाहेर आली, माझ्याकडे बघितलं आणि तोंडावर पदर धरला. तिला आत्ता आठवलं होतं.

तेवढ्यात वरून चपलांचा आवाज आला. सर दारात थांबले. दम लागला होता. सगळी खोकी रिकामी झालेली त्यांनी बघितली होती. लाल दोऱ्याचं ते एकटं रोप तेवढं उभं, पुठ्ठ्यासकट. ते काही बोलायच्या आधी त्यांना गौर दिसली. सरांनी चपला काढल्या, हात जोडले, आणि हात जोडलेले असतानाच म्हणाले, "कोणी केलं हे?"

"मी," वहिनी म्हणाल्या. "तुमचा झाड तसाच आसा, सर. बघा जावन."

"मला ते झाड नकोय!"

"मगे बोर्ड कित्याक लावलात?"

सर खाली जमिनीवरच बसले.

मग ते वहिनींना सगळं सांगायला लागले. अ, ब, क, लपलेला दोष, पुण्याचा विहंग. वहिनी ऐकत होत्या आणि फुलवाती वळत होत्या. शेवटी सर म्हणाले, "मीराबाई, एवढी रोपं मला परत द्या. मी बाजारातला तेरडा आणून देतो, हवा तेवढा."

"बसलेली गौर उठवू? तुमच्या सायन्सासाठी?"

"बोंडं अजून कोवळी आहेत हो. दोन-तीन दिवसांत पिकतील. निदान ती तरी काढू द्या."

"गौरीच्या अंगावरसून? तिचे दागिने काढूचे तसे?"

"दागिने नाहीत ते, बोंडं आहेत!"

"आमच्यात ता अंगावरचाच."

दोघांकडेही बघवत नव्हतं. शेवंतीने मला कोपराने ढोसलं, की तुम्ही काहीतरी बोला. मी म्हणालो, "वहिनी, आपोआप पडलेलं फूल आपण प्रसाद म्हणून घेतो ना?"

वहिनींनी विचार केला. "आपसूक पडला तर ता तिना दिलेला. ता सरांचा. हात लावन काढूक मी देवचंय नाय."

आता तेरड्याचं बोंड पिकलं की आपणहून फुटतं आणि बी टपकन लांब उडतं, हे लहानपणी सगळ्यांनीच हातात धरून बघितलेलं असतं. सरांना तेवढा आधार पुरला. ते वर गेले आणि एक पांढरी चादर घेऊन आले. ती त्यांनी गौरीभोवती अंथरली आणि शेजारी खुर्ची टाकून बसले.

पुढचे तीन दिवस आमच्या घराला त्यांनी जो ताप दिला तो लिहून कळणार नाही. समई लांब ठेवा, पानं सुकतील. मुळं पाण्यात पाहिजेत, कलश मोठा घ्या. साडी एवढी वर कशाला नेसवली, बोंडं आत दाबली जातायत. या साडीवरून वहिनींचं आणि त्यांचं अर्धा तास चाललं. "बाईमाणसाच्या साडीत तुमका काय कळता?" "मला साडीत नाही, बोंडात कळतं!" शेवटी वहिनींनी पदर जरा सैल केला, पण सरांना भिंतीकडे तोंड करून उभं राहायला लावून.

हळदीकुंकवाला बायका यायच्या तर गौरीच्या उशाशी एक म्हातारा गृहस्थ भिंग घेऊन बसलेला. "हे कोण?" "वरचे सर." "अंगात येतं का त्यांच्या?" शेवंती दर वेळी नवीन काहीतरी सांगायची. चादरीवरून कोणी चाललं की सर ओरडायचे. चहा मागायचे, बिनसाखरेचा, आणि साखर असली तर परत पाठवायचे. पहिल्या दिवशी एकही बोंड फुटलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत नाही. सरांनी जेवण अर्धवट ठेवलं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "कोवळीच राहणार ती. उद्या पाण्यात जाणार. संपलं."

"विहंगला नुसते फोटो चालणार नाहीत का?" मी विचारलं.

"फोटो रुजतात का, रमाकांतराव? त्यातून पुढे काही उगवतं का?"

मला तेव्हा पहिल्यांदा त्यांची चीड न येता वाईट वाटलं.

संध्याकाळी बायका फुगड्या घालायला जमल्या. वर्षभर आमच्याकडे कोणी टीव्ही मोठा केला तरी वरून काठी आपटणारे सर. मला वाटलं आता भांडण होणार. वहिनी पदर खोचून उभ्या राहिल्या, वयाची सत्तरी उलटलेली बाई, आणि शेवंतीचे हात धरून गरागरा फिरायला लागल्या. जुन्या इमारतीची जमीन ती, कपाटातली भांडी वाजायला लागली. गौर हलायला लागली.

टप्प.

सर ताडकन उठले. चादरीवर काळपट दाणे सांडले होते. पुन्हा टप्प, टप्प. एक दाणा एका बाईच्या गालावर बसला आणि ती किंचाळली.

"थांबू नका!" सर ओरडले. "जोरात! मीराबाई, आणखी जोरात! इकडे, या फरशीवर नाचा!"

"मेल्या म्हाताऱ्या, माझो जीव जायत!" वहिनी धापा टाकत ओरडल्या, पण थांबल्या नाहीत. फुगडी झाली, झिम्मा झाला, गोल फेर झाला. बायका हसून हसून पडत होत्या आणि सर चादरीभोवती चारी पायांवर रांगत होते. दाणे चादरीबाहेरही उडाले. कपाटाखाली, फ्रीजखाली, देव्हाऱ्यामागे. दुसऱ्या दिवशी विसर्जनाला गौर उचलताना आणखी काही बोंडं फुटली आणि वहिनींनी ती स्वतः ओंजळीत धरून सरांच्या हातावर ठेवली. म्हणाल्या, "ह्या घ्या. आणि पुढच्या वर्षी बोर्ड नीट लिवा."

सरांनी बी सुकवून विहंगला पाठवलं. थोडं स्वतःजवळ ठेवलं. लाल दोऱ्याचं रोप नवरात्राच्या पावसात आडवं झालं. त्याचा पुठ्ठा सरांनी काढून आणला आणि आमच्या दारामागे ठेवला, का ते विचारलं नाही. तरी त्यांचं समाधान नव्हतं. आपल्याला मिळालेलं बी एकाच रोपाचं असेल, आणि नेमकं तेच रोप आतूनही साधं असेल, अशी शंका त्यांना खात होती. रोज यायचे. "फ्रीज सरकवला का?" नाही, सर. "कपाट?" नाही, सर. "का नाही?" कारण कपाट चौघांशिवाय हलत नाही, सर.

दिवाळीच्या साफसफाईला ते हललं. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी दूधवाल्याला दार उघडलं नाही. झोपेतच गेले होते. उर्वी आली, चार दिवस राहिली. तिने पुस्तकं कॉलेजला दिली, भिंग मला दिलं. ब्लेड मागावं असं वाटलं होतं, पण ते बरं दिसलं नसतं.

पुण्याला विहंगने हिवाळ्यातच कुंड्यांत पेरून बघितलं. माघात त्याचा फोन आला की तीन रोपं तशी निघाली आहेत, फुलात फूल, त्यात फूल. तो फोनवर पुढेही बरंच बोलला. सरांचाच विद्यार्थी. मी शेवटपर्यंत ऐकलं. त्या वाणाच्या नोंदीत त्याने सरांचं नाव आणि गिरगाव, दोन्ही लिहिलं आहे.

आमच्या कपाटाखालच्या केरातलं बी मी या वर्षी खोक्यांत पेरलं. सगळा साधा तेरडा आला, गुलाबी. पण यातल्या कोणाच्या अंगात काय लपलंय हे दिसत नसल्यामुळे आता एकही उपटायची सोय नाही. वहिनींना नायगावचं घर मिळालं, गौर तिथे परत गेली. त्या गच्चीवर आल्या, खोक्यांकडे बघत बराच वेळ उभ्या राहिल्या, सरांच्या नावाने मालवणीत दोन शब्द बोलल्या आणि दादरला जाऊन मुळं कापलेली जुडी घेऊन आल्या. या वर्षी आमची गौर मुळांशिवाय बसली आहे.

कपाट हललं त्या संध्याकाळी सर दारात आले होते. आत आले नाहीत. उंबऱ्याबाहेरूनच विचारलं,

"रमाकांतराव, केर टाकलात का?"

"अजून नाही."

"टाकू नका. उद्या सकाळी येतो बघायला."

"या. चहाच्या वेळेलाच या."

"शेवंतीवहिनींना सांगा, साखर नको."

"तिला माहीत आहे, सर."

"मागच्या वेळी होती."